स्लीव्हनंतर सातव्या महिन्यात भूक परत आली, म्हणजे ऑपरेशन फेल गेलं का?

"मॅडम, सुरुवातीला भूक म्हणजे काय तेच विसरले होते, आता परत लागायला लागलीये, काटाही हलत नाही, सगळं वाया गेलं का हो?" स्लीव्ह, म्हणजे वजन उतरवण्यासाठी जठर छोटं करायचं ऑपरेशन, झालेले लोक माझ्याकडे समुपदेशनाला येतात तेव्हा पाचव्या-सातव्या महिन्याच्या आसपास हा प्रश्न हमखास असतो. वाया गेलेलं नसतं बहुतेक वेळा. पण "छे हो, टेन्शन घेऊ नका" एवढं बोलून मी मोकळी झाले तर समोरचा माणूस मान हलवून घरी जातो आणि रात्री परत डब्यापाशी उभा असतो. म्हणून एका ताईंची केस जरा सविस्तर सांगते, त्यांना विचारून, आणि ओळख लागेल असं सगळं बदलून.

ताईंचं वजन ऑपरेशनच्या दिवशी ११८ किलो होतं, माझ्याकडे आल्या तेव्हा ९१. सात महिन्यांत २७ किलो, हे काही कमी नाही. पण गेले पाच आठवडे काटा ९१ वर चिकटून बसलेला, आणि ताई दिवसातून तीनदा वजन करत होत्या, उठल्यावर, आंघोळीनंतर, झोपायच्या आधी. आता दिवसभरात पाणी-जेवण-मीठ यानेच माणसाचं वजन किलो-सव्वा किलो वरखाली होतं, पण त्या रात्रीचा आकडा बघून झोपायच्या आणि रात्रभर तळमळायच्या. आत आल्या तेव्हा एक गोष्ट बघितली मी, बसायच्या आधी त्यांनी खुर्चीच्या दोन्ही हातांना हात लावून अंदाज घेतला, आपण मावू का म्हणून. आरामात मावत होत्या, शेजारी पर्सही राहिली. शरीर उतरतं पण मनातला जुना देह इतक्या लवकर उतरत नाही, वर्ष-दीड वर्ष सहज मागे रेंगाळतो. त्यावर मी त्या दिवशी काही बोलले नाही, आधी भुकेचं बघायचं होतं.

थोडं पोटाचं गणित सांगते कारण ते कळल्यावर ताईंची अर्धी भीती गेली. स्लीव्हमध्ये जठराचा पाऊण भाग, थोडा जास्तच, काढून टाकतात आणि उरते ती एक अरुंद नळी. काढलेल्या भागात वरचा फुगीर भागही जातो, आणि भूक लावणारं घ्रेलिन नावाचं हार्मोन मुख्यतः तिथेच बनतं. म्हणून पहिले काही महिने भूक मेल्यासारखी वाटते. पण शरीर हळूहळू जुळवून घेतं आणि सहा महिने ते वर्षभरात बऱ्याच जणांना भूक पुन्हा जाणवायला लागते. ती यायचीच. वजनाचंही तसंच, पहिल्या सहा महिन्यांत सगळ्यात जोरात उतरतं, मग वेग मंदावतो, मधेमधे आठवडेच्या आठवडे थांबतं, आणि सगळ्यात खालचा आकडा साधारण वर्ष ते दोन वर्षांच्या मधे कधीतरी दिसतो. हलक्या झालेल्या शरीराला ऊर्जाही कमी लागते, त्यामुळे पहिल्या महिन्याचा वेग सातव्या महिन्यात मागणं म्हणजे उगाच स्वतःला त्रास.

हे सगळं ऐकून ताई म्हणाल्या, "हे सर्जननी पण सांगितलेलं ऑपरेशनच्या आधी. पण तेव्हा कानात शिरलं नाही." शिरत नाहीच. ऑपरेशनच्या आधी माणूस आशेवर असतो.

मग मी विचारलं, रात्री काय होतं नेमकं, मला सिनेमा दाखवल्यासारखं सांगा. बराच वेळ गप्प बसल्या. मग सांगितलं ते असं. साडेनऊला मुलं झोपतात. नवरा आठवड्यातून तीन-चार दिवस उशिरा येतो. त्या किचनचा मोठा लाइट बंद करतात आणि ओट्यापाशी उभ्या राहतात, बसत नाहीत, कारण बसलं की ते जेवण झालं आणि उभ्याने घेतलं तर ते "काही नाही". डबा उघडून अर्धं बिस्कीट घेतात, डबा बंद करून नीट जागेवर ठेवतात. दहा मिनिटांनी परत तेच. मधे एखादा घोट कॉफी. अकरा वाजेपर्यंत अख्खा पुडा संपलेला असतो आणि पोट एकदाही भरल्यासारखं वाटत नाही.

इथे पोटाचा दोष नाही बरं का. स्लीव्ह अडवते ती घट्ट, चावून खायच्या अन्नाला. अंडं, मासा, चिकन, पनीर असं काही खाल्लं की ते नळीत थांबतं, दाब येतो, चार-पाच घासांत बास होतं. बिस्कीट, चिप्स, आइस्क्रीम हे विरघळून लगदा होतं, त्यावर कॉफी प्यायली की सरळ घसरत खाली जातं. दाब येतच नाही तर पोट बास म्हणणार कसं? जेवताना पाणी पिऊ नका, आधी-नंतर अर्धा तास सोडा हे सांगतात त्यामागेही बरंचसं हेच आहे.

मी त्यांना कॅलरी लिहायला सांगितलं नाही, ते डाएटिशियनचं काम, आणि ताईंकडे आयुष्यभराच्या डाएटच्या वह्या होत्याच. मी सांगितलं की डब्याकडे जायच्या आधी तीन गोष्टी लिहा, किती वाजले, शेवटचं नीट कधी खाल्लं, आणि भूक कुठे लागलीये, पोटात की तोंडात की डोक्यात. नुसतं लिहा, खाणं थांबवू नका.

दोन आठवड्यांनी वही आली आणि त्यात वेगवेगळे धागे निघाले. एक म्हणजे ताई सकाळी पोट जड वाटतं म्हणून दुपारपर्यंत काही खातच नव्हत्या, दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन सांगितलेलं त्यातलं निम्मंही होत नव्हतं, मग संध्याकाळी खरीखुरी भूक लागणारच. दुसरं म्हणजे वहीत वारंवार "छातीखाली खड्डा पडल्यासारखं, जळजळ" असं लिहिलेलं. स्लीव्हनंतर ऍसिडिटी वाढणं खूप कॉमन आहे आणि ती कित्येकांना भुकेसारखीच वाटते, म्हणजे माणूस आम्ल शमवायला खात असतो आणि समजतो आपण हावरट आहोत. त्यांना सर्जनकडे परत पाठवलं, औषध सुरू झालं, आणि ती "भूक" बरीचशी बसली. मला स्वतःला असं वाटतं की समुपदेशकाने सगळं मनावर ढकलू नये, आधी पोट तपासून घ्यावं. बी-१२, आयर्न, डी व्हिटॅमिनच्या टेस्टही राहिल्या होत्या, गोळ्या मधेच सोडलेल्या कारण "आता बरं वाटतंय ना". त्या गोळ्या बरं वाटण्यासाठी नसतात हो, आयुष्यभर घ्यायच्या असतात. केस गळतात म्हणून मात्र त्या रडल्या होत्या. तिसऱ्या महिन्यापासून केस गळणं हे झपाट्याने वजन उतरल्याचं लक्षण, बहुतेकांचे वर्षभरात परत येतात, पण प्रोटीन आणि आयर्न कमी पडलं तर लांबतं.

आणि तिसरा धागा, ज्यासाठी त्या खरं माझ्याकडे यायला हव्या होत्या. वहीत ज्या दिवशी नवरा वेळेवर घरी होता त्या दिवशी बिस्किटं जवळजवळ नाहीत. उशीर झाला त्या दिवशी पूर्ण पुडा. "भूक कुठे" या रकान्यात एके ठिकाणी लिहिलेलं, "कुठेच नाही. दिवस संपल्यासारखा वाटत नाही."

लग्नानंतरची सगळी वर्षं या दोघांची एक सवय होती, मुलं झोपली की दोघांनी निवांत काहीतरी चमचमीत मागवायचं आणि तासभर खात गप्पा मारायच्या. भांडणं तिथेच मिटायची, पगारवाढ तिथेच साजरी व्हायची. ऑपरेशननंतर ते बंद झालं आणि त्या जागी काहीच आलं नाही. ताई म्हणाल्या, "मला ना जेवणाची आठवण येते मॅडम, माणसाची यावी तशी," आणि लगेच ओशाळल्या, म्हणाल्या एवढा खर्च केला, एवढं दुखणं काढलं आणि मी रडतेय कशासाठी तर खाण्यासाठी. मी म्हटलं रडा की. गेलंय ना काहीतरी तुमचं. लोक म्हणतात जिभेचे चोचले, पण ताईंसाठी खाणं हीच सोबत होती, शाबासकी होती, आणि दिवस मिटायची खूणही तीच होती. सर्जननी जठर छोटं केलं, ही सगळी कामं आता कोण करणार हे कोणी ठरवलंच नव्हतं. काही जणांकडे ती कामं दारू उचलते, आणि ऑपरेशननंतर दारू पटकन आणि जास्त चढते, म्हणून मी प्रत्येकाला हे थेट विचारते, आणि जगावंसं वाटतंय ना हेही थेट विचारते. ऑपरेशननंतर काही जणांना नैराश्य घेरतं, स्वतःला इजा करून घ्यायचे विचारही येतात, तसं असेल तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

पुढच्या वेळी नवऱ्याला घेऊन आल्या. ताईंची तक्रार होती की ते मुद्दाम आइस्क्रीम घेऊन येतात. मला वाटलं आता इथे वाद होणार. ते बिचारे म्हणाले, "ती पंधरा मिनिटांत वाटीभर खाऊन उठते, मी एकटाच ताटावर. मला वाटलं आइस्क्रीम तरी हिच्या घशाखाली उतरतं, तेवढं तरी बरोबर खाऊ." ताई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. सात महिने एक म्हणत होती हा माझं वाटोळं करायला बसलाय आणि दुसरा म्हणत होता ही बारीक झाली आणि लांब गेली. अशा ठिकाणी नातं ताणलं जातं हे खरं आहे. स्वीडनमधल्या दोन मोठ्या पाहण्यांच्या आधारे २०१८ साली एक अभ्यास आला, त्यात वजनाच्या ऑपरेशननंतर एकट्या माणसांना जोडीदार मिळायचं प्रमाण वाढलेलं दिसलं आणि जोडप्यांमधे वेगळं होण्याचंही. त्यात बहुतेक ऑपरेशनं स्लीव्हची नव्हती, आणि बहुतेक जोडपी टिकलीच, हेही लक्षात ठेवा नाहीतर हे वाचून कोणीतरी आजच घाबरेल.

ठरलं ते साधंच होतं. वजन काटा नवऱ्याने कपाटावर ठेवायचा आणि आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या दिवशी सकाळी काढायचा. ते घरी आले की आधी वीस मिनिटं दोघांनी बाहेर चालायला जायचं, जेवणाआधी, गप्पा तिथे. मग ते जेवतील तेव्हा ताईंनी आपलं शेवटचं छोटं जेवण त्यांच्याबरोबरच घ्यायचं, बसून, ताटलीत, प्रोटीन आधी. उशीर होणार त्या दिवशी साडेनऊला फोन. चालण्यावरून पहिल्याच आठवड्यात भांडण झालं कारण ते थकून येतात, मग वीसचे दहा मिनिटं झाले. चालतंय की. बिस्किटं एका झटक्यात सुटली नाहीत, पण पुडा संपण्याचे दिवस कमी झाले. एकदा नवऱ्याच्या घाईबरोबर घाई करून जेवल्या आणि घास अडकला, तोंडाला नुसती लाळ सुटली, उलटी झाली, मग घास बारीक आणि वेळ वीस-पंचवीस मिनिटं हे आपोआप पाळलं गेलं. (अशी उलटी एखाद्या वेळी होते, पण दिवसेंदिवस काहीच पोटात ठरत नसेल तर घरी बसू नका, बी-१ व्हिटॅमिन कमी पडून मेंदूला इजा होऊ शकते.)

ऑपरेशनला वर्ष झालं तेव्हा वजन ८४ होतं. भूक आहे, पण तिला आता त्या भूकच म्हणतात, फेल म्हणत नाहीत. रविवारी आइस्क्रीम येतं, छोटा कप, दोन चमचे. लोकांच्या "किती छान दिसतेस आता" वर मात्र अजून चिडतात, "म्हणजे आधी काय होते मी?" म्हणून, आणि खरं सांगू का, मला तो राग योग्यच वाटतो, तो घालवायच्या भानगडीत मी पडलेले नाही. सध्या आमच्याकडे विषय आहे दंडाच्या आणि पोटाच्या लोंबणाऱ्या कातडीचा. प्लास्टिक सर्जन म्हणाले वजन काही महिने एका जागी स्थिर राहू दे मग बघू, आणि ताईंना ते पुढच्याच महिन्यात हवंय.