कात्री एक, सीझर्स अनेक?

प्रश्न : सांगलीत माझं शिवणकामाचं दुकान आहे. इंग्रजी बिलावर मी ‘वन सीझर’, ‘टू ट्राउझर’ लिहिते. मुलगी म्हणते, चूक. वस्तू एक असताना अनेकवचन कशाला?

उत्तर : मुलीचं बरोबर आहे. दोन पाती, दोन पाय, दोन भिंगं अशा जोडभागांच्या वस्तू इंग्रजीत कायम अनेकवचनी: सीझर्स, ट्राउझर्स, ग्लासेस. मराठीत कात्री, विजार, चष्मा एकवचनी, म्हणून जीभ ‘इज’कडे वळते. म्हणा, ‘द सीझर्स आर शार्प’. ‘धिस’ नाही, ‘दीज ट्राउझर्स’.

मोजायचं तर ‘पेअर’ लावा: ‘वन पेअर ऑफ सीझर्स’, ‘टू पेअर्स ऑफ ट्राउझर्स’. इथे खरी मेख आहे. क्रियापद पेअरच्या मागे जातं, म्हणून ‘धिस पेअर ऑफ ट्राउझर्स इज रेडी’. पेअर काढला की लगेच ‘आर’. खिशाचे पैसे वेगळे लावत असाल तर मात्र ‘ट्राउझर पॉकेट’ लिहा; दुसऱ्या नामाआधी शेवटचा ‘एस’ बहुधा गळतो. कापडाच्या धंद्यात ‘अ ट्राउझर’ सर्रास चालतं, पण परीक्षेत गुण जातील.

नुसत्या ‘एस’वर विसंबू नका. ‘न्यूज’, ‘मॅथेमॅटिक्स’ एकवचनी. ‘पोलीस’, ‘कॅटल’ला ‘एस’ नाही तरी ‘आर’च.

आणि हे परकं वाटायचं कारण नाही. ‘पोहा झाला’ म्हणून कुणी बशी पुढे करत नाही, आणि लग्नात अक्षताही ‘पडल्या’च म्हणतो.