मुंबईच्या घरात ठसे आणि जेल प्रिंटिंगने नाताळची कार्डं कशी करावीत?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: वन बीएचके घर, हातात तीन आठवडे, तीसेक कार्डं स्वतः करायची आहेत. मग महागडी जेल प्लेट (जिच्यावर रंग पसरून कागदावर छाप घेतात ती) घ्यावी का, आणि सुरुवात कुठून करावी?

विकतची प्लेट एवढ्यात घेऊ नका, घरीही करता येते. आणि प्लेटवर कार्ड छापायला बसू नका, आधी नुसते कागद छापा. बाकी सगळं उत्तर या दुसऱ्या वाक्यातच आहे.

पहिल्या वर्षी मी जाड कार्डशीट दुमडून एकेक घडी प्लेटवर दाबत बसले होते. दीड तासात तीन कार्डं झाली, त्यातलं एक बरं. जाड कागद प्लेटला नीट टेकत नाही, शिवाय 'आता हे बिघडलं तर' या धास्तीने हात आखडतो. आता मी 100-120 जीएसएमचा (हे कागदाच्या वजनाचं माप, आकडा मोठा तितका कागद जाड) साधा कागद घेते आणि एका रात्रीत तीस-चाळीस कागद छापून टाकते. चांगले निघतात त्यांच्या पट्ट्या, चांदण्या, झाडं कापते आणि 250 जीएसएमच्या कार्डावर चिकटवते. वाईट निघालेल्या कागदाची चांदणी तर कधीकधी सगळ्यात छान दिसते. ए-फाइव्ह आकाराचा, म्हणजे ए-फोरच्या अर्धा, तुकडा मधोमध दुमडला की सी-सिक्स मापाच्या पाकिटात नीट बसतो. पाकिटं आधी आणा, मग कार्डं कापा. उलटं केलंत तर पाकिटंही घरीच करावी लागतील.

'छापलेलेच कागद चिकटवले, मग हाताने केलं असं कसं म्हणायचं' अशी शंका येत असेल तर सोडून द्या. नाताळचं पहिलं छापील कार्ड 1843 मध्ये लंडनला हेन्री कोल यांनी जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून करून घेतलं. सगळ्यांना पत्रं लिहायला कोल यांना वेळ नव्हता. हजारेक प्रती छापल्या आणि रंग मात्र हाताने भरले. म्हणजे थोडं छापायचं आणि थोडं हाताने करायचं, ही या कार्डाची पहिल्यापासूनचीच रीत.

आता प्लेट. जेल प्लेट म्हणजे जेलीसारखी लवचीक लादी. तिच्यावर रोलरने रंग पसरायचा, वर काहीतरी ठेवायचं, कागद दाबायचा, उचलायचा. घरी करायची तर ग्लिसरीन दीड कप, उकळतं पाणी दीड कप, आणि बिनचवीचं जिलेटिन साधारण 85 ग्रॅम. अर्ध्या ग्लिसरीनमध्ये जिलेटिन आधी गुठळ्या मोडून कालवा, मग पाणी आणि उरलेलं ग्लिसरीन घालून हळूहळू ढवळा. जोरात ढवळलंत की फेस येतो आणि प्रत्येक बुडबुडा पुढे छापावर गोल डाग होऊन उमटतो. वीस बाय पंचवीस सेंटिमीटरच्या सपाट ट्रेमध्ये ओता, वरचे बुडबुडे वर्तमानपत्राच्या पट्टीने ओढून घ्या. प्लेट चिरली तर वितळवून पुन्हा ओतता येते.

ग्लिसरीन प्रिन्सेस स्ट्रीटच्या औषधवाल्यांकडे, जिलेटिन क्रॉफर्ड मार्केटात केकचं सामान विकणाऱ्यांकडे, आणि रोलर, रंग, कार्डशीट तिथूनच चालत अब्दुल रहमान स्ट्रीटला. सीएसएमटीला उतरलात तर एका फेरीत सगळं होतं. रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात.

एक गोष्ट आधीच सांगते. जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून होतं. मी ते घरातल्या दुधाच्या पातेल्यात गरम केलं, आणि सासूबाईंना कळल्यावर ते पातेलं कायमचं माझं झालं. चायना ग्रासची प्लेट करून बघितली, पण ती कागद उचलतानाच तुटते. घरात जिलेटिन चालत नसेल तर मात्र विकतची घ्याच. ती खनिज तेल वापरून केलेली असते आणि वर्षानुवर्षं टिकते. फक्त पॉलिश केलेल्या लाकडावर ठेवू नका, डाग पडतो. वर्तमानपत्रावरही नको, बातम्या प्लेटवर उतरतात. घरची प्लेट मुंबईच्या दुपारी, अगदी डिसेंबरातही, मऊ पडते. म्हणून मी जेवणं आटोपल्यावर बसते.

रंग अॅक्रिलिक. दोन-तीन हरभऱ्यांएवढाच. ओला चपचप आवाज थांबून रोलर बारीक चर्रचर्र वाजायला लागला की थर बरोबर झाला. पंखा बंद, नाहीतर कागद ठेवायच्या आतच रंग वाळतो. दिवाळीत आणलेल्या रांगोळीच्या प्लॅस्टिकच्या जाळ्या आता काढा. गोल नक्षीची जाळी निळ्या रंगावर ठेवून छापली की हिमाचा कण वाटतो, आणि आपल्याकडे दुसरं हिम आहे कुठे? कांद्याची जाळीची पिशवीही चालते. नाताळच्या झाडासाठी सोसायटीतल्या गुलमोहराच्या पानाचं टोक घ्या, निमुळतं होत गेलेलं. शिरा वर आलेली बाजू रंगावर. पान तसंच ठेवून घेतलेल्या छापात नुसती पांढरी आकृती येते. मग पान चिमट्याने उचला आणि दुसरा कागद दाबा, त्यात शिरान्‌शिर उतरते. या दुसऱ्या छापासाठीच मी सगळा खटाटोप करते. लाल आणि हिरवा ओले असताना एकमेकांवर घेऊ नका, चिखल होतो.

ठसे सोपे. शाळेत भेंडी-बटाट्याचे केलेच असतील. टिकाऊ हवे तर मोठं खोडरबर कोरा. अक्षरं उलटी कोरायची हे सगळ्यांना ठाऊक असतं, मलाही होतं. 'नाताळ' उलटं कोरलं, शिरोरेषेसकट, आणि उत्साहाने ठसा प्लेटवरच्या ओल्या रंगात दाबला. प्लेटवर शब्द सुलटा दिसला, कागदावर आला उलटा. प्लेट स्वतःच एकदा उलटवते, त्यात ठसा आणखी एकदा! बारा कागद झाल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वरच्या मजल्यावरच्या वसईच्या मावशी दर वर्षी कुसवारचं, म्हणजे नाताळच्या फराळाचं, ताट पाठवतात. त्यांनी ते कार्ड आरशासमोर धरून वाचलं आणि पोटभर हसल्या. तेव्हा नक्षीचे ठसे प्लेटवर हवे तितके दाबा, अक्षरांचा ठसा मात्र थेट कार्डावर, सगळ्यात शेवटी. ऑफिसच्या स्टॅम्प पॅडची जांभळी शाई अॅक्रिलिकवर वाळत नाही, बोटांना लागत राहते. स्पंजने ठशालाच अॅक्रिलिक लावा आणि लगेच धुवा.

झालेली कार्डं एकावर एक रचू नका. आपल्या दमट हवेत अॅक्रिलिक अॅक्रिलिकला चिकटतं, वेगळं करताना दोन्ही जातात. रात्रभर दोरीवर चिमटे लावून टांगा, मग मध्ये बटर पेपर घालून ठेवा.