खरी रजा मागतानाही लाज का वाटते?

“मॅडम, मी मेडिकल टाकली तर सगळे खोटीच समजतील,” हे वाक्य बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या सरकारी नोकरांकडून मी समुपदेशनात इतक्या वेळा ऐकले आहे की, ओळख पुसून एक अनुभव मांडावासा वाटतो.

एका कचेरीत आस्थापनेचे, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या रजा-नोंदींचे, काम 22 वर्षे पाहणाऱ्या ताई पहिल्याच भेटीत एमआरआयच्या फिल्मची पिशवी टेबलावर ठेवून बसल्या. मणक्यातली गादी सरकल्यामुळे डॉक्टरांनी 21 दिवसांची विश्रांती सांगितली होती. त्या मात्र कमरेला पट्टा बांधून कामावर जात होत्या. दरवर्षी सुगीच्या तोंडावर एकाच दवाखान्याच्या शिक्क्याची प्रमाणपत्रे त्यांच्याकडे येत आणि त्या रजांची नोंद सेवापुस्तकात त्यांनाच करावी लागे. दोन भेटी त्या रागातच गेल्या.

तिसऱ्या भेटीत मी विचारले, “तुमचाच अर्ज तुमच्या टेबलावर आला असता तर?”

त्या बराच वेळ पट्ट्याशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, “नोंद केली असती, आणि मनात हसले असते.”

लोकांची म्हणून ज्या नजरेला त्या भीत होत्या, ती त्यांची स्वतःचीच होती, हे तेव्हा मला उमगले. मी पिशवी त्यांच्याकडे सरकवली. “ही मी अजून उघडलेली नाही, ताई. तरी तुमच्या दुखण्यावर पहिल्या दिवसापासून माझा विश्वास आहे.” त्यांना रडू फुटले. घटनेपेक्षा तिला लावलेला अर्थ माणसाला अधिक छळतो असे मानणाऱ्यांपैकी मी आहे; पण तो अर्थ एका प्रश्नात असा हाती लागण्याचे प्रसंग माझ्याही वाट्याला मोजकेच आले.

खोट्या रजा घेतल्या जातात आणि त्यांचे काम शेजारच्या टेबलावर पडते, म्हणून राग रास्तच आहे. परंतु संशय आल्यास दुसरे वैद्यकीय मत मागवणे हे रजा मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याचे काम असून, आपण दुखणे अंगावर काढल्याने त्याची भरपाई होत नाही. शिवाय ही रजा कुणाची मेहेरबानी नसते. कर्नाटक राज्याच्या नियमांप्रमाणे वर्षाला 20 दिवस अर्धपगारी रजा जमा होते आणि वैद्यकीय कारणासाठी ती पूर्ण पगारी करून घेतली की दुप्पट दिवस वजा होतात. म्हणजे 21 दिवसांसाठी 42. ताईंच्या नावावर 22 वर्षांत 440 दिवस जमा झाले होते. इतरांसाठी नेहमी करत आलेला हा हिशेब त्यांनी स्वतःसाठी प्रथमच माझ्यासमोर मांडला.

पुढच्या सोमवारी त्यांनी अर्ज दिला. सोबत डॉक्टरांचे प्रमाणपत्र तेवढे जोडले. फिल्म घरीच ठेवली.