केमेरजवळच्या डोंगरवाटा: आईवडिलांना हॉटेलवर ठेवून जावे का?

तुम्ही विचारले आहे की जूनच्या पहिल्या आठवड्यात तुर्कस्तानातल्या केमेरला पाच दिवसांचा मुक्काम आहे, जेवणखाणासह सगळे पैसे आधीच भरले आहेत, तर आसपास निसर्गाच्या दृष्टीने काय पाहावे, कोणत्या वाटा चालाव्यात, आणि साठीच्या पुढचे आईवडील सोबत असल्याने त्यांना हॉटेलवरच ठेवलेले बरे का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. ठेवू नका. आमच्या घरात हा वाद 2018 पासून मिटलेला नाही आणि माझी बाजू मला एकदा नीट मांडायची आहे.

त्या वर्षी ऑक्टोबरात आम्ही सगळे, म्हणजे आईबाबा, दादा, वहिनी आणि मी, केमेरजवळच्या अशाच एका हॉटेलात उतरलो होतो. बाबा तेव्हा 67 वर्षांचे होते. साखर कारखान्याच्या बॉयलरवर 33 वर्षे काढलेला माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी हॉटेलच्या पोहण्याच्या तलावाकाठी खुर्चीवर बसून मला म्हणाला, "समुद्र दिसतोय, पण गाव कुठं आहे?" त्यावर मी त्यांना सांगितले की इथून 35-40 किलोमीटरवर चिराली नावाचे गाव आहे आणि त्याच्या डोक्यावरच्या डोंगरात खडकाच्या भेगांतून हजारो वर्षे ज्योती पेटलेल्या आहेत. त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी विचारले, "इंधन कोण भरतं?"

दादाचे म्हणणे होते की बाबांचा उजवा गुडघा दुखतो, परदेशात पाय मोडला तर कोण निस्तरणार, आणि भरलेले पैसे सोडून डोंगरात कशाला जायचे. मी बाबांना घेऊन निघाले. केमेरहून महामार्गाने जाणाऱ्या दोल्मुशने, म्हणजे तिकडच्या वडापने, चिरालीच्या फाट्यावर उतरलो आणि तिथून खाली गावात जाणारी दुसरी छोटी गाडी पकडली.

त्या जागेला यानार्ताश म्हणतात, म्हणजे जळता दगड. तिकीटखिडकीपासून वर ज्योतींपर्यंत अंदाजे एक किलोमीटरची दगडी पायऱ्यांची चढण आहे. चालणारा माणूस अर्ध्या तासात पोहोचतो, आम्हाला पाऊण तासाच्या वर लागले, कारण बाबा दर वळणावर थांबून पाणी पीत होते आणि मी त्यांना घाई केली नाही. पोहोचलो तेव्हा सूर्य मावळला होता. उघड्या, राखाडी उतारावर ठिकठिकाणी ज्योती होत्या, काही वीतभर, काही गुडघ्याएवढ्या. दिवसा त्या नीट दिसतही नाहीत, अंधार पडू लागला की एकेक उमटत जाते. ग्रीक कथेतली सिंहाचे तोंड, बकरीचे धड आणि सापाची शेपटी असलेली, आग ओकणारी किमेरा बेलेरोफोनने मारली ती इथेच, असे मानतात, आणि खालच्या बाजूला हेफायस्टोस या अग्नी व लोहारकामाच्या देवाच्या मंदिराचे अवशेष आहेत. वाऱ्याच्या वेगाची मोजपट्टी ज्याच्या नावाने ओळखली जाते तो ब्रिटिश नौदलातला ब्यूफोर्ट 1811 मध्ये हा किनारा मोजत होता, तेव्हा त्याला या ज्योतींचा उजेड रात्री जहाजावरून दिसला होता.

बाबांना कथेत फारसा रस नव्हता. ते एका छोट्या ज्योतीजवळ उकिडवे बसले, बुडाशी निळा आणि वर पिवळा असलेला जाळ बराच वेळ पाहत राहिले आणि मग त्यांनी शेजारचा एक चपटा दगड हळूच तिच्यावर ठेवला. ज्योत विझली. दगड उचलल्यावर भेगेतून बारीक फुसफुस ऐकू येऊ लागली आणि गॅसचा वास आला. बाबांनी लगेच दोन्ही हात पसरून आजूबाजूच्या लोकांना मागे सारले. न जळलेला वायू साचू देणे ही बॉयलरवरची सर्वांत मोठी चूक, हे त्यांच्या अंगात इतके भिनलेले होते की समोरच्यांना मराठी कळत नाही हेही त्यांच्या ध्यानात आले नाही, आणि गंमत म्हणजे त्या लोकांना बरोबर कळले. एका तुर्की मुलाने लांबूनच लायटर पुढे धरला, भप्प असा आवाज झाला आणि ज्योत पूर्ववत झाली. त्यांच्या इंधनाच्या प्रश्नाचे उत्तर मी तिथे बसून दिले. हा खडक मुळात समुद्राच्या तळाचा, भूपट्टांच्या रेट्याने वर आलेला, त्यातल्या खनिजांची पाण्याशी प्रक्रिया होऊन हायड्रोजन तयार होतो, आणि हायड्रोजन व कार्बन डायऑक्साइड यांच्यापासून मिथेन होतो. इथल्या वायूचा मोठा वाटा कुजलेल्या जीवांपासून नव्हे तर असा थेट खडकातून आलेला आहे, असे शास्त्रज्ञांना आढळले आहे. बाबा म्हणाले, "म्हणजे दगडच भट्टी आणि दगडच कोळसा." माझ्या सगळ्या स्पष्टीकरणापेक्षा ते वाक्य नेमके होते.

आम्ही खाली उतरलो तेव्हा दहा वाजून गेले होते आणि केमेरकडे जायला गाडी नव्हती. एका घरगुती निवासाच्या बाईंनी खोली उघडून दिली आणि मसुराचे गरम सूप आणले, ज्याला बाबा शेवटपर्यंत आमटीच म्हणत होते. तिथल्या वायफायवरून दादाला निरोप पोहोचायला अकरा वाजले. त्याचा संताप मी समजू शकते. पण दोन वर्षांनी बाबांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली तेव्हापासून प्रत्येक लग्नामुंजीत तो म्हणतो की तो गुडघा मी त्या डोंगरात घालवला, ते मला मान्य नाही. त्या प्रवासाच्या आधीच्या क्ष-किरण चित्रातही कूर्चा झिजलेली स्पष्ट दिसत होती, आणि चालणे बंद करू नका असे डॉक्टरांनी तेव्हाच बजावले होते. यानार्ताश चढल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे हाच गुडघा घेऊन बाबा चिरालीचा तीन किलोमीटरचा गोट्यांचा किनारा माझ्याआधी चालून गेले आणि दक्षिण टोकाला ओढ्याकाठच्या ओलिम्पोसच्या अवशेषांत, जहाज कोरलेल्या एका नाखव्याच्या दगडी शवपेटीपाशी माझी वाट पाहत बसले.

आता तुमच्या बाकीच्या प्रश्नाकडे वळते. वडीलधाऱ्यांसाठी सर्वांत सोपी जागा म्हणजे केमेर आणि तेकिरोवा यांच्या मधले फासेलिस. तीन नैसर्गिक बंदरे असलेले प्राचीन शहर, पाइनच्या सावलीतला सपाट रस्ता, आणि चालून दमलात तर तिथेच समुद्रात उतरता येते. ताहताली हा 2365 मीटरचा डोंगर पायी चढायचा तर तो पूर्ण दिवसाचा आणि दमछाक करणारा चढ आहे, पण 2007 पासून थेट माथ्यापर्यंत रोपवे आहे. एप्रिल 2024 मधल्या रोपवे अपघाताचे सांगून कोणी घाबरवले तर तो अंतल्या शहराच्या तुनेक्तेपे रोपवेवर झाला होता, इथे नव्हे. गोय्नुकची घळ सुरुवातीला सोपी आहे, पुढे पाण्यातून जावे लागते, तो भाग आईवडिलांशिवाय करा.

आईवडिलांशिवाय एक दिवस हवा असेल तर उलुपिनारहून जंगलातून उतरत यानार्ताशमार्गे चिरालीला या. हा लिशियन वे या लांब पल्ल्याच्या वाटेचा तुकडा आहे. केट क्लो या ब्रिटिश बाईंनी आखलेली ही वाट 1999 मध्ये खुली झाली, फेथियेपासून अंतल्यापर्यंत ती 540 किलोमीटरच्या आसपास भरते, आणि दगडांवर व झाडांवर रंगवलेल्या लाल-पांढऱ्या पट्ट्यांनी ती ओळखायची. पट्टे दिसेनासे झाले तर शेवटच्या पट्ट्यापर्यंत मागे या. आपण सह्याद्रीत हिंडलेलो आहोत, हा भरवसा तिथे पुरत नाही, कारण चुनखडीच्या त्या डोंगरांत उन्हाळ्यात पाणी जवळपास नसतेच. जूनमध्ये माणशी तीन लिटरखाली निघू नका आणि सकाळी दहाच्या आत मोठी चढण संपवा.

आणखी काही गोष्टी आहेत. उन्हाळ्यात वणव्याच्या भीतीने जंगलात प्रवेश बंद करतात. 2023 च्या जुलैत केमेरजवळच मोठा वणवा लागला होता, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी चौकशी करा. चिरालीच्या किनाऱ्यावर त्या दिवसांत समुद्री कासवे अंडी घालायला येतात, तेव्हा रात्री वाळूत विजेरी पेटवू नका आणि पिंजरे लावलेल्या घरट्यांपासून लांब राहा. एका बाबतीत दादा बरोबर होता, हेही लिहायला हवे. परतीची गाडी किंवा चिरालीतली खोली आधी ठरवल्याशिवाय आणि मागे राहिलेल्यांना वेळ सांगितल्याशिवाय निघू नका. वडिलांना हृदयविकार असेल किंवा तोल जात असेल, तर यानार्ताश सोडून फासेलिसच करा.

वर जाताना प्रत्येकाच्या हातात स्वतंत्र विजेरी द्या. तिथल्या पायऱ्या ओबडधोबड आहेत आणि दोन पायऱ्यांची उंची सारखी नाही, त्यामुळे गुडघ्याचा कस चढताना नव्हे, उतरताना लागतो. उतरताना तुम्ही एक पायरी पुढे राहा आणि वडिलांचा हात तुमच्या खांद्यावर असू द्या.