जर्मनीला निघण्याआधी फोनचं काय करायचं

तू विचारलंस, "ताई, श्टुटगार्टला नोकरी लागलीय, गेल्या गेल्या फोनचा चोवीस महिन्यांचा कॉन्ट्रॅक्ट घेऊन टाकू का? आजीशी रोज बोलायचंय आणि कामासाठी युरोपभर फिरावं लागणार आहे." कॉन्ट्रॅक्टची घाई करू नकोस. पण त्याही आधी तुझ्या भारतातल्या नंबरचं बघ, कारण इथे जर्मनीत आलेल्या पुष्कळांचं घोडं तिथेच अडतं.

बँक, आधार, आयकर, पीएफ, सगळ्यांचे ओटीपी त्याच नंबरवर येतात. ट्रायच्या, म्हणजे भारताच्या दूरसंचार नियामकाच्या, नियमाप्रमाणे सिम ९० दिवस वापरलं नाही तर कंपनी ते बंद करू शकते आणि पुढे तो नंबर दुसऱ्या कुणाला मिळतो. त्यामुळे रिचार्जची तारीख कॅलेंडरमध्ये टाकून ठेव. इंटरनॅशनल रोमिंग भारतात असतानाच सुरू करून घे. इथे आल्यावर त्या सिमवर येणारे एसएमएस फुकट असतात, पण आलेला कॉल उचललास की पैसे कापले जातात. म्हणून त्या सिमचं डेटा रोमिंग बंद ठेव आणि कॉल फॉरवर्डिंगही काढून टाक. फोन बदलायचा असेल तर निघण्याआधीच बदल, कारण नव्या फोनवर यूपीआय चालू करताना त्याच सिमवरून एसएमएस जावा लागतो. अनिवासी भारतीयांना परदेशी नंबरवर यूपीआय वापरायची सोय जानेवारी २०२३ मध्ये जाहीर झाली, पण त्या पहिल्या दहा देशांत जर्मनी नव्हता. बँकेतलं खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं, करून घेतेस तेव्हा परदेशी नंबरवर ओटीपी पाठवता का, हे बँकेला जरूर विचार.

दोन सिमचा फोन असू दे. भारतातलं प्लास्टिकचं सिम तसंच ठेव आणि जर्मन नंबर ई-सिमवर, म्हणजे फोनमध्येच बसवलेल्या सिमवर, घे. फोन बिघडला तर निदान ते सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालता येतं.

आता जर्मन नंबर. सुरुवातीला प्रीपेडच घे. कॉन्ट्रॅक्टसाठी कंपन्या शूफाकडे, म्हणजे पतीची नोंद ठेवणाऱ्या जर्मन संस्थेकडे, तुझी पत तपासतात आणि नव्याने आलेल्या माणसाची तिथे काहीच नोंद नसते. प्रीपेडला ती भानगड नाही. मात्र जुलै २०१७ पासून प्रीपेड सिमलाही ओळख पटवावी लागते, व्हिडिओ कॉलवर किंवा पोस्टात जाऊन. व्हिडिओवर आपल्या पासपोर्टची अडचण आली तर सरळ पोस्टात जा. प्रीपेड सिमांपैकी आल्डी टॉक ओ-टू कंपनीच्या नेटवर्कवर चालतं, लिडल कनेक्ट व्होडाफोनच्या आणि काँगस्टार टेलिकॉमच्या. शहरात तिन्ही चालतात. गावाकडे आणि रेल्वेत टेलिकॉम सरस आहे असं माझं मत. पॅक बहुतेक चार आठवड्यांचे असतात, महिन्याचे नाहीत. वर्षाचा हिशोब करताना तेरा पॅक धर.

सहा महिन्यांनी कॉन्ट्रॅक्ट घ्यावासा वाटला तर खुशाल घे. डिसेंबर २०२१ च्या दूरसंचार कायद्यापासून कंपनीला बारा महिन्यांचा पर्यायही द्यावाच लागतो, मुदत संपल्यावर महिनाभराच्या नोटिशीवर बाहेर पडता येतं आणि नंबर सोबत न्यायला पैसे लागत नाहीत. कॉन्ट्रॅक्टसोबत येणाऱ्या "फुकट" फोनची किंमत दरमहाच्या हप्त्यात असतेच, ती बेरीज करून बघ.

आजीचं वेगळं. आई-बाबांशी व्हॉट्सॲपवर बोलशील, पण आजीकडे बटणांचा फोन आहे, तिला साधाच कॉल करावा लागणार. साध्या जर्मन प्लॅनवरून भारतात कॉल लावलास तर मिनिटाचा दर डोळे पांढरे करतो. पूर्वी आम्ही स्काइपवरून लँडलाइनला लावायचो, ते मे २०२५ मध्ये बंद झालं. लेबारा किंवा लायकामोबाइल या कंपन्यांच्या काही पॅकमध्ये भारतासाठी मिनिटं असतात. पॅक घेताना भारत मोबाइल आणि लँडलाइन दोन्हींसाठी यादीत आहे ना, ते वाच. तुझ्या गरजेला असाच पॅक मुख्य सिम म्हणून योग्य वाटतो. वेळेतला फरक हिवाळ्यात साडेचार तासांचा आणि उन्हाळ्यात साडेतीन तासांचा, तेव्हा आजीला जेवणाच्या सुट्टीत फोन कर. ऑफिस सुटेपर्यंत तिची झोपायची वेळ होते.

प्रवासाची काळजी करू नकोस. जून २०१७ पासून युरोपीय संघात, शिवाय नॉर्वे, आइसलंड आणि लिख्टेनश्टाइनमध्ये तुझा प्लॅन घरच्यासारखाच चालतो. डेटाला मर्यादा असू शकते, तेवढी बघून ठेव. एका गोष्टीत मात्र बरेच जण गोंधळतात. पॅरिसला जाऊन जर्मनीत फोन केलास तर तो प्लॅनमधून जातो, पण श्टुटगार्टमध्ये बसून पॅरिसच्या नंबरला लावलास तर ते रोमिंग नाही, परदेशी कॉल आहे. त्याचा दर मिनिटाला जास्तीत जास्त १९ सेंट अधिक कर. ऑफिसचे असे कॉल असतील तर कंपनीचा फोन माग.

ब्रिटन आता संघात नाही, तिथे कंपनीगणिक नियम वेगळे. स्वित्झर्लंड तर कधीच नव्हता, आणि तुझ्या घरापासून तो जवळच! ऱ्हाइनचा धबधबा बघायला शाफहाउझेनला निघालीस तर सीमेआधीच डेटा रोमिंग बंद कर. कॉन्स्टान्झला तळ्याकाठी जर्मनीत उभी असलीस तरी फोन स्विस नेटवर्क पकडू शकतो, तिथे सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्क स्वतः निवड.