पावसाळ्यात तीन महिने बाईक बंद राहणार आहे, बॅटरी उतरू नये म्हणून काय करावं?

खानापूरकडच्या पावसात जूनपासून गाडी पडवीतच उभी, आमचीही तीच गत. एका वर्षी मी दर रविवारी पाच मिनिटं गाडी जागेवरच चालू करून ठेवायचो. गणपतीत बटण दाबलं तर नुसतं टक-टक-टक! सेल्फ मारताना जेवढं जातं, तेवढं अशा आयडलिंगवर नीट भरून येत नाही.

सरळ बॅटरी काढून घरात कोरड्या जागी ठेवा. आधी निगेटिव्ह वायर सोडा, बसवताना ती शेवटी. उलटं केलंत आणि पॉझिटिव्ह सोडताना पाना चेसिसला टेकला, की ठिणगी उडालीच. सिमेंटच्या फरशीवर ठेवली की उतरते म्हणतात, पण आजच्या प्लास्टिकच्या डब्यांना त्याने काही होत नाही.

महिन्यातून एकदा मल्टिमीटर लावून बघा. 12.6 व्होल्टच्या वर असेल तर राहू दे, 12.4 च्या खाली आली की चार्ज करा. उतरलेली तशीच पडून राहिली तर प्लेटांवर सल्फेट धरतं, मग ती पुन्हा पूर्ण भरत नाही. चार्जिंगचा करंट बॅटरीवर लिहिलेल्या अँपिअर-अवरच्या (Ah) आकड्याचा साधारण दहावा भाग, म्हणजे 5 Ah च्या बॅटरीला 0.5 अँपिअर. गॅरेजमधला कारचा मोठा चार्जर नकोच. आपोआप बंद होणारा छोटा मिळाला तर उत्तम.

डिस्टिल्ड वॉटर फक्त झाकणंवाल्या बॅटरीत. सीलबंद असेल तर उघडायच्या भानगडीत पडू नका.