संकल्प झाला, आता पुढे काय? : वाचकांचे प्रश्न

संकल्प आणि करिअरची ध्येयं यांवर प्रश्न पाठवा असं मागच्या अंकात म्हटलं होतं, तर पत्रं इतकी आली की सगळ्यांना उत्तरं देणं शक्यच नाही. त्यातली पाच निवडलीत. नावं दिलेली नाहीत, सह्या ज्यांनी त्यांनी केल्यात तशाच ठेवल्यात.

ताई, मी ३६ वर्षांची, नोकरी करते, दोन लहान मुलं आहेत. दरवर्षी डायरीच्या पहिल्या पानावर यादी करते. यंदाची अशी : रोज व्यायाम, महिन्याला दोन पुस्तकं, नवी भाषा, डेटा अ‍ॅनालिटिक्सचा कोर्स, मोबाईल कमी, वजन दहा किलो कमी, मुलांवर चिडायचं नाही आणि पहाटे पाचला उठायचं. सहा आठवडे झाले, आठापैकी एकही चालू नाहीये. नवरा म्हणतो तुझ्यात चिकाटीच नाही, आणि खरं सांगू का, आता मलाही तसंच वाटायला लागलंय. — यादीवाली

नोकरी आणि दोन मुलं सांभाळणाऱ्या बाईत चिकाटी नाही असं म्हणणाऱ्या नवऱ्याला आधी एक आठवडा घर एकट्याने चालवायला द्या, मग बोलू त्यांच्याशी :)

आता यादीकडे या. हिच्यासमोर कुणी तास मांडलेत का कधी? मी मांडून बघितले. व्यायाम रोज पाऊण तास धरला तरी आठवड्याला पाचेक तास, पुस्तकांना साडेतीन, भाषेला रोज अर्धा तास म्हणजे परत साडेतीन, कोर्सला पाच. झाले सतरा तास, आणि हे सतरा तास कुठून येणार याबद्दल त्या पानावर एक अक्षर नाही. उलट पाचला उठायचं ठरवून तुम्ही झोपेतून उधार घ्यायला निघालात, आणि अर्धवट झोपलेला माणूस मुलांवर चिडणारच, म्हणजे यादीतला आठवा संकल्पच सातव्याचा गळा धरतोय.

'स्मार्ट' ध्येयं ठेवा, म्हणजे नेमकी, मोजता येणारी, मुदत असलेली वगैरे, हे सगळीकडे सांगतात ना, ती कल्पना जॉर्ज डोरन यांनी १९८१ मध्ये एका मॅनेजमेंटच्या मासिकात मांडली, कंपनीतल्या मॅनेजर लोकांसाठी. त्यांच्या पाच निकषांपैकी एक होता की हे काम कोण करणार ते ठरलेलं असावं. घरगुती संकल्पांत तो निकष बहुतेक जण गाळतात, कारण करणारे आपणच, त्यात काय ठरवायचं? पण गंमत तिथेच आहे, कंपनीत आठ कामं आठ जणांना वाटता येतात, तुमच्या यादीत आठही कामांपुढे एकच नाव आहे, आणि त्या नावाला आधीच फुल टाइम नोकरी आहे.

म्हणून एकच घ्या. मी कोर्स घेतला असता, कारण तो संपतो. व्यायाम संपत नाही, कोर्सला शेवट असतो, आणि काहीतरी पुरं झाल्याचं बघायला मिळणं तुम्हाला आत्ता जास्त गरजेचं वाटतंय. मात्र 'कोर्स करायचाय' एवढ्यावर सोडू नका. पीटर गोल्विट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९९९ मध्ये 'जर-तर' पद्धतीच्या ठरवण्यावर एक लेख लिहिला, पुढे २००६ मध्ये त्याने आणि पास्कल शीरनने अशा ९४ अभ्यासांचा एकत्र हिशोब केला, आणि नुसत्या इच्छेपेक्षा 'अमुक झालं की मी तमुक करणार' असं ठरवणाऱ्यांचं काम बऱ्यापैकी जास्त तडीस जातं असं त्यात दिसलं. तुमच्यासाठी ते साधारण असं : मंगळवारी आणि गुरुवारी मुलं झोपली की मी टेबलावर लॅपटॉप उघडणार आणि पुढचा एक धडा बघणार. आणि मूल आजारी पडलं, झोपलंच नाही, तर तो धडा शनिवारी दुपारी, त्या वेळात मुलं नवऱ्याकडे. हे दुसरं वाक्य लिहायला विसरू नका कारण मुलं आजारी पडणारच आहेत. आणि हो, त्या दोन रात्री आत्ता तुम्ही काय करता तेही लिहा, मालिका, मोबाईल, उद्याची तयारी, जे असेल ते, कारण त्यातलंच काहीतरी जाणार आहे आणि ते आधी ठरवलं नाही तर झोप जाते.

'चिडायचं नाही' हे मात्र खोडाच. न करण्याचा संकल्प पाळणं अवघड जातं. २०२० मध्ये स्वीडनमधल्या हजाराहून जास्त लोकांचा एक अभ्यास छापून आला, त्यात काहीतरी करण्याचे संकल्प धरलेल्यांपैकी ५९ टक्के लोकांनी वर्षाअखेरीस आपण यशस्वी झालो असं सांगितलं, आणि काहीतरी टाळण्याचे धरलेल्यांपैकी ४७ टक्क्यांनी. फरक फार मोठा नाही पण आहे. त्याऐवजी 'आवाज चढायला लागला की मी दोन मिनिटं दुसऱ्या खोलीत जाणार' असं करून बघा, निदान करण्यासारखं काहीतरी हातात राहतं. बाकीचे सहा पुढच्या तिमाहीला, किंवा कधीच नाही, काही बिघडत नाही.

नमस्कार, मी ४१ वर्षांचा. गेली दोन वर्षं माझं एकच ध्येय आहे, सीनियर मॅनेजर व्हायचं. तुम्ही लोक सांगता तसं सगळं केलंय, विशिष्ट आहे, मोजता येतं, डेडलाइन आहे. दोन्ही वेळा दुसऱ्याला मिळालं. तिसऱ्या वर्षी परत तेच लिहू का? — अडकलेला

नका लिहू. प्रमोशन हा तुमच्याबद्दल दुसऱ्या कुणीतरी घेतलेला निर्णय असतो. त्यात जागा रिकामी आहे का, बजेट आहे का, वरच्या साहेबाला कोण हवंय, असल्या दहा भानगडी असतात आणि त्यातली एकही तुमच्या डायरीला विचारून ठरत नाही. तुम्ही वर्षभर ज्या गोष्टीची वाट बघता तिच्यावर तुमचा हात फक्त थोडासा टेकलेला आहे, आणि मग ती नाही मिळाली की वर्ष फुकट गेलं असं वाटतं, जरी त्या वर्षात चांगलं काम झालेलं असलं तरी.

तुमच्या हातातलं वेगळं काढा. बॉसला 'माझं कधी होणार' विचारलंत तर 'बघू या' येईल, सगळ्यांना येतं. त्याऐवजी विचारा : मी आज त्या पदावर असतो तर कुठलं काम माझ्याकडे आलं असतं जे आत्ता येत नाही? याचं उत्तर टाळणं जड जातं. बजेट बनवणं असेल, दुसऱ्या टीमशी भांडण मिटवणं असेल, क्लायंटला नाही म्हणणं असेल. त्यातलं एक काम पुढच्या तीन महिन्यांसाठी मागून घ्या, छोटं का असेना. हे झालं तुमचं ध्येय.

इथे एक बारकावा आहे जो करिअरवाले सल्लागार सहसा सांगत नाहीत. एडविन लॉक आणि गॅरी लॅथम या मानसशास्त्रज्ञांनी ध्येयांवर कितीतरी वर्षं काम केलं, आणि 'जमेल तेवढं चांगलं करा' यापेक्षा नेमकं आणि अवघड ध्येय दिलं की माणसं जास्त चांगलं काम करतात हे त्यांनी दाखवलं, ते सगळे उचलतात. पण काम नवीन असेल, अजून येतच नसेल, तर निकालाचा आकडा समोर ठेवल्याने उलट अडचण होऊ शकते, तिथे शिकण्याचं ध्येय बरं, हेही त्याच संशोधनातून पुढे आलं. म्हणजे बजेट तुम्ही कधीच केलं नसेल तर 'पहिल्या तिमाहीत खर्च दहा टक्क्यांनी कमी' असलं काही ठरवू नका. 'बजेट बनवायच्या तीन वेगवेगळ्या पद्धती समजून घेऊन त्यातली एक आपल्या टीमला लावून बघणार' असं ठरवा. आकडे दुसऱ्या वर्षी.

शिवाय शुक्रवारी निघायच्या आधी दहा मिनिटं एका फाईलमध्ये लिहायचं, या आठवड्यात काय केलं, त्याने काय बदललं, आणि ते माझ्या बॉसशिवाय कुणाला माहितीये. तिसरा कॉलम सगळ्यात महत्त्वाचा, कारण दोनदा डावललं गेलेल्या बऱ्याच माणसांचं काम चांगलं असतं पण ते एकाच माणसाला माहीत असतं आणि ऐन वेळी तोच बदली होऊन जातो.

आणि एक तारीख आजच ठरवा, समजा सहा महिन्यांनी, की तोवर 'काय केलं की मी तयार' याचं सरळ उत्तर बॉसकडून मिळालं नाही तर बाहेर अर्ज सुरू. आज डोकं शांत आहे तेव्हा ठरवा. तिसऱ्यांदा नाव चुकलं त्या दिवशी ठरवलंत तर रागात राजीनामा टाईप कराल.

ताई, मी २२ वर्षांची आहे. रोज सकाळी एक तास कोडिंगची प्रॅक्टिस करायची ठरवली होती. २१ दिवस केलं की सवय लागते म्हणतात ना, मी १७ दिवस केलं आणि मग ताप आला. चार दिवस गेले. आता परत एकपासून मोजायचं या विचारानेच नको वाटतंय, ॲपमध्ये पण स्ट्रीक, म्हणजे सलग किती दिवस झाले तो आकडा, शून्य दाखवतंय. — स्ट्रीक तुटलेली

अगं, एकपासून का मोजतेस? १७ दिवसांत तुला जे आलं ते तापात वितळून गेलं का? ॲपचं सोड, त्याला फक्त तू रोज ते उघडावंस एवढंच हवंय.

आणि २१ दिवसांचं खूळ आलं कुठून ते ऐक. मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाचे एक प्लास्टिक सर्जन होते, त्यांनी १९६० मध्ये लिहिलं होतं की ऑपरेशननंतर पेशंटला नव्या चेहऱ्याची सवय व्हायला कमीत कमी २१ दिवस लागतात. 'कमीत कमी' गळून पडलं, चेहराही गळून पडला, आणि उरलं ते तू ऐकलंस. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि तिच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर प्रत्यक्ष बघितलं तेव्हा सवय अंगवळणी पडायला लागणारा काळ मधोमध ६६ दिवस निघाला, आणि माणसागणिक १८ पासून २५४ पर्यंत. त्याच अभ्यासात हेही दिसलं की मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यावर म्हणण्यासारखा परिणाम होत नाही. चार दिवस म्हणजे एक दिवस नव्हे हे मान्य, पण शून्यही नव्हे.

घात होतो तो 'आता मोडलंच आहे तर जाऊ दे' या वाक्याने. डाएटवर असलेली माणसं एक घास जास्त खाल्ला की सगळाच दिवस सोडून देतात ना, तसं. म्हणून परत येण्याचं काम मुद्दाम लहान ठेव, पहिले तीन दिवस एक तास नको, दहा मिनिटं, एकच सोपा प्रश्न, आधी सोडवलेला असला तरी चालेल. आणि स्ट्रीकऐवजी महिन्यात किती दिवस झाले ते मोज. तीसपैकी बावीस हा झक्कास आकडा आहे, पण स्ट्रीकच्या भाषेत तो दिसतच नाही.

मी पीएचडी करतोय. प्रत्येक प्रकरणाला मी स्वतःला एक महिना देतो आणि प्रत्येक प्रकरणाला दोन महिने लागतात. गाईडना आता माझ्या तारखा ऐकून हसू येतं. मी आळशी आहे का? — तारीख पे तारीख

नाही हो, तुम्ही अगदी सरासरी आहात. १९९४ मध्ये रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, कधी संपेल? सरासरी अंदाज आला साधारण ३४ दिवस. लागले साधारण ५५. मजा म्हणजे 'सगळंच बिघडलं तर किती लागतील' असंही विचारलं होतं, त्याचं उत्तर आलं होतं ४९ च्या आसपास, म्हणजे सगळ्यात वाईट कल्पनासुद्धा प्रत्यक्षापेक्षा गोडच निघाली. कारण अंदाज करताना आपण डोळ्यासमोर काम आणतो, मधले दिवस आणत नाही, मशीन बंद पडलेला आठवडा, कुणाचं तरी लग्न, गाईडचा दौरा.

तुमच्याकडे तर तयार हिशोब आहे, दोन महिने लागतात. मग पुढच्या प्रकरणाला दोन महिने सांगा ना! गाईडना पहिल्यांदा धक्का बसेल. आणि त्या दोन महिन्यांचे चार तुकडे करून पहिल्या तुकड्याच्या शेवटी त्यांना दाखवता येईल असं काहीतरी ठेवा, कच्चं का असेना, म्हणजे उशीर होतोय हे सातव्या आठवड्यात न कळता दुसऱ्यात कळेल.

वर्षाअखेरपर्यंत स्वतःचा व्यवसाय सुरू करणार आहे. सगळ्यांना सांगून टाकलं की मागे फिरता येत नाही असं मित्र म्हणतो. पोस्ट टाकू का? — होणारी उद्योजिका

थांबा जरा. गोल्विट्झरच्याच गटाने २००९ मध्ये हे तपासलं होतं. 'मी अमुक होणार' हे दुसऱ्याने ऐकून नोंद घेतली की माणूस त्या दिशेने उलट कमी काम करतो असं त्यांना दिसलं, बहुधा अभिनंदनातच थोडं पोट भरतं म्हणून. पण दुसरीकडे, २०१६ मध्ये १३८ अभ्यास एकत्र करून बघितले गेले तेव्हा प्रगती नियमित नोंदवल्याने ध्येय गाठायला मदत होते, आणि ती नोंद लिहून ठेवली किंवा दुसऱ्यांना कळवली तर जास्तच, असं निघालं. मला यात भांडण दिसत नाही. काय होणार ते सांगू नका, काय झालं ते सांगा.

तर पोस्ट पहिला ग्राहक आल्यावर. तोवर एखादी बहीण, मैत्रीण, जिला तुमचं खोटं पटकन कळतं अशी एक निवडा आणि दर रविवारी तिला दोन ओळी पाठवा, या आठवड्यात किती लोकांशी बोलले, किती जणांनी पैसे देऊन घेईन म्हटलं. तिला आधीच सांगून ठेवा की उत्तरात हार्ट पाठवायचं नाही, पुढच्या आठवड्यात कुणाला फोन करणार तेवढं विचारायचं.